घोट्याचे कृत्रिम सांधारोपण

तीव्र संधिशोथाने झिजलेल्या घोट्याच्या सांध्याचे पृष्ठभाग कापून काढून नडगीच्या हाडाच्या खालच्या टोकाला व त्याखालील घोट्याच्या हाडाला धातूचे भाग बसविणे आणि त्यांमध्ये पॉलिएथिलिनाची चकती ठेवणे, या शस्त्रक्रियेस ही संज्ञा लावतात. गुडघ्याचा संधिशोथ बहुधा वयोमानानुसार होतो. घोट्याचा मात्र बहुतांशी जुन्या अस्थिभंगातून किंवा वारंवार मुरगळण्यातून उद्भवतो. त्यामुळे रुग्ण पुष्कळदा कष्टाची कामे करण्याच्या वयातील असतात.

यावरील जुना उपाय संधिस्थिरीकरण हा होय. यात दोन्ही हाडे स्क्रूंनी जखडून एकजीव होऊ देतात. वेदना थांबते, पण सांध्याची हालचालही जाते. ती टिकावी म्हणून फ्रान्समध्ये १९७० च्या सुमारास कृत्रिम सांधे बसविण्यास आरंभ झाला. सिमेंटने बसविलेले हे पहिले सांधे लवकर सैल झाले. डेन्मार्कमधील कोफोड यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी पुढे सुधारित सांधे तयार केले. आता दहा वर्षांनंतर सुमारे ८० ते ९० टक्के सांधे टिकून असतात. हे प्रमाण खुब्याच्या व गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांपेक्षा कमी आहे.

ब्रिटनमध्ये ५० ते ८५ वर्षे वयाच्या रुग्णांवर केलेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २८२ जणांवर यांपैकी एक शस्त्रक्रिया झाली. वर्षानंतर दोन्ही गटांचे चालणे व उभे राहणे बरेच सुधारले होते. दोहोंतील फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता. सांधारोपणात जखम भरण्याच्या व तंत्रिकांच्या तक्रारी अधिक आढळल्या, तर स्थिरीकरणात रक्ताच्या गुठळ्या अधिक आढळल्या व काहींची हाडे जुळली नाहीत.

म्हणून निवड रुग्णाच्या जीवनक्रमावर अवलंबून असते. बुलढाणा जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागात कापूस-सोयाबीनच्या रानातील ढेकळांवरून चालणे, उकिडवे बसून निंदणे, ओझे वाहणे ही नित्याची कामे आहेत. शेगावहून पंढरपूरला शेकडो किलोमीटर पायी जाणारे वारकरीही येथलेच. स्थिर केलेला घोटा ओझे सोसतो. परंतु त्याने उंचसखल जमिनीवर चालणे व उकिडवे बसणे अवघड होते आणि कालांतराने शेजारचे सांधे झिजू शकतात. कृत्रिम सांधा चाल अधिक स्वाभाविक ठेवतो, पण उकिडवे बसता येईलच अशी हमी देत नाही. जड कामाने तो सैल होण्याचा धोका वाढतो व दीर्घकाळ तपासणी करून घ्यावी लागते. सांध्यातील जंतुसंसर्ग, पायाचा अपुरा रक्तपुरवठा किंवा मधुमेहामुळे आलेली तीव्र बधिरता असल्यास सांधारोपण टाळतात. सांधा निकामी झाल्यास तो बदलता येतो किंवा स्थिरीकरण करता येते, तथापि ही दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा कठीण असते.