वाट ताटाची, भाग 7 : उरलेली मेथी कुणाची?

मागच्या भागात अडतीचा हिशेब पाहिला. तो वाचून कुणालाही वाटेल की अडत्याच नको. शेतकऱ्यानं विकावं, आपण घ्यावं. बोलायला सोपं आहे. करायला गेलं की पहिल्याच दिवशी दुपारी प्रश्न उभा राहतो : उरलेल्या मेथीचं काय?

अमडापूर हे चिखली-खामगाव रस्त्यावरचं, बल्लाळदेवीचं गाव. इथल्या मळ्यात पहाटे काढलेला सांबार सकाळच्या स्वयंपाकाला चिखलीत पोचू शकतो. अंतराची अडचण नाही. कापूस बाहेर न्यायला खामगावपर्यंत 1870 सालीच रेल्वे आली. माळव्याच्या नशिबी मात्र अजून मोटारसायकलचं कॅरिअर. त्यावरून ते हर्राशीला जातं, तिथून हातगाडीवर आणि मग आपल्या पिशवीत. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर 2024 च्या एका अभ्यासानुसार ग्राहकाच्या रुपयातले टोमॅटोवाल्या शेतकऱ्याला सुमारे 33 पैसे मिळतात, कांदेवाल्याला 36, बटाटेवाल्याला 37.

उरलेले पैसे सगळे दलालच खातो, हे अर्धंच खरं. निवडणं, तोलणं, वाहणं ही कामं कुणीतरी करतं. शिवाय नासाडी असते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या 2015 च्या पाहणीत भाज्यांचं काढणीनंतरचं नुकसान पिकागणिक साडेचार ते साडेबारा टक्के निघालं. माणूस काढून टाकला म्हणून त्याचं काम संपत नाही. ते शेतकऱ्याच्या नाहीतर गिऱ्हाइकाच्या अंगावर येतं. थेट विक्रीचे बरेच उपक्रम इथंच बसतात, असं माझं मत आहे.

मराठी माणसाला हे काम वाटून घेणं नवीन नाही. 1975 मध्ये बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके आदींनी मुंबई ग्राहक पंचायत उभी केली. शेजारच्या घरांचा गट करायचा, महिन्याची यादी आधी द्यायची, एकत्र आलेला माल सभासदांनीच घरोघर वाटून घ्यायचा. दुकान नाही, वाटपाला नोकर नाही. बायकांनी आपल्या दिवाणखान्यात डाळ-साबण मोजून ही व्यवस्था चालवली. आधी मागणी आणि मग खरेदी, म्हणून माल पडून राहायचा धोका फारसा नाही. पण डाळ आठवडाभर थांबते. मेथी संध्याकाळी मान टाकते.

सरकारनं वाट मोकळी केली ती जुलै 2016 मध्ये. फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर आला आणि पणन मंडळानं संत सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजारांचं अभियान हाती घेतलं. पुण्यामुंबईत सोसायट्यांजवळ, मोकळ्या मैदानांत असे बाजार भरू लागले. गंमत अशी की शहरानं मोठ्या कौतुकानं जे उभारलं, ते आपल्या वऱ्हाडातल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या भरत आलं आहे. तरी उरलेल्या मालाचं ओझं दोन्हीकडे विकणाऱ्यावरच. बाजार उठताना तो भाव पाडतो आणि निघतो.

जपानमध्ये 1970 च्या दशकात ‘तेइकेइ’ची चळवळ वाढली, तिनं या प्रश्नाला हात घातला. काही घरं आणि एक शेतकरी यांचा करार असतो. काय पेरायचं ते मिळून ठरतं, आणि पिकेल तेवढं सगळं घरांनी उचलायचं. अमेरिकेत 1986 पासून याच धर्तीवर गट झाले. तिथं हंगामाचे पैसे आधीच देतात. पाऊस बुडाला तर घरांचंही थोडं बुडतं.

अमडापूर-चिखली पट्ट्यात हे रुजवायचं, तर आधी माळवं तरी हवं. शिवारात सोयाबीनचा पसारा मोठा. त्यातल्या तणनाशकानं तरोटा आणि घोळही हटवला, म्हणजे बिनपैशाची रानभाजीही गेली. बियाणं, पाणी, मजूर पाहता सोयाबीनवाला भाजीकडे वळेल तो खात्रीच्या गिऱ्हाइकासाठीच.

समजा, चिखलीतली तीस घरं एकत्र आली. माझ्या मते त्यांनी पालेभाजीनं सुरुवात करू नये. वांगी, गवार, दोडकी एखादा दिवस तग धरतात. त्यांच्यावर दोन महिने गाडी चालवून पाहावी. भाव हंगामापुरता बांधून घ्यावा, म्हणजे हर्राशीत टोमॅटो मातीमोल झाले तरी शेतकरी तरतो आणि महागले तरी घरं फार पोळत नाहीत. महाग झाल्यावर शेतकऱ्याला मोह होईल, स्वस्त झाल्यावर घरांना. करार मोडतो तो अशाच आठवड्यांत. म्हणून पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच द्यावेत. वाटपाची पाळी घराघरांत फिरावी. आणि लग्नाला म्हणून गावाला गेलेल्या घराची पिशवी शेजाऱ्यानं उचलावी, शिजवावी. पैसे मात्र परत मागू नयेत.

तोलण्यावरून होणारी भांडणं पुढच्या भागात.