जातीचा एक रकाना

जातनिहाय जनगणनेचा निर्णय झाल्यापासून आम्ही एक वाक्य सारखे ऐकतो आहोत. 'ॲपमध्ये जातीचा एक रकाना वाढवायचा, एवढेच तर काम!' म्हणणाऱ्यांत बाबू लोक आहेत तशी संगणक शिकलेली आमची पोरेही आहेत. रकाना अर्ध्या दिवसात होईल, हे खरे. पण त्यात काय येऊन पडणार, त्याचा हिशेब कोणी केला?

हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे. 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जातगणनेत प्रगणकांच्या सोबत टॅब्लेट होते, पण जातींची पक्की यादी आधी केलेली नव्हती. सांगेल ते नाव भरा, असा कारभार! परिणाम केंद्रानेच 2021 साली सर्वोच्च न्यायालयात शपथपत्रावर सांगितला. 1931 च्या जनगणनेत जाती 4,147. या गणनेत 46 लाखांहून अधिक! महाराष्ट्राच्या मागास प्रवर्गांच्या याद्यांत जाती 494, आणि गणनेत राज्यातून निघाली 4,28,677 नावे. पोटजात, कुळी, गोत्र, आडनाव, एकाच नावाची दहा स्पेलिंगे, यंत्राला सगळे सारखेच. ते जातीचे आकडे कपाटातच राहिले.

मग यादी लावा की, कोणी म्हणेल. जरूर लावा. पण अनुसूचित जातींची यादी राज्यागणिक वेगळी, आणि तिला धर्माची अट चिकटलेली. 1950 च्या आदेशात काही अपवाद सोडले तर हिंदूच होते. 1956 साली शीख आले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली, आणि आम्हा बौद्धांना त्या आदेशात शिरायला 1990 उजाडावे लागले! म्हणजे धर्माचा रकाना आणि जातीचा रकाना कायद्याने एकमेकांना बांधलेले आहेत.

आता आमचा बांधव दोन्ही ठिकाणी 'बौद्ध' सांगतो. जात नागपुरात टाकून आलो, हा त्याचा बाणा. तेव्हा ॲपने काय करायचे? पुढचा प्रश्न विचारायचा, की गुपचूप 'इतर'मध्ये ढकलायचे? घटनेच्या कलम 330 आणि 332 प्रमाणे लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागा अनुसूचित जातींच्या लोकसंख्येवर ठरतात. एवढा मोठा निर्णय कुठल्या तरी प्रोग्रामरच्या टेबलावर, वेळ नाही म्हणून, घेतला जाऊ नये.

या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. जातींची यादी आणि ॲपचे नियम त्याआधी मराठीत जाहीर करा, आणि आमच्या वस्त्यांत प्रगणक पाठवून ते तपासून घ्या.