बाटलीत किती मीठ, किती साखर?

पुण्याहून पहाटे निघून महाबळेश्वर गाठायला निघालेला सायकलस्वार वाई ओलांडून पसरणी घाटाला लागतो, तेव्हा ऊन चांगलंच वर आलेलं असतं. खंबाटकीचा चढ पायांत उतरलेला असतो आणि जर्सीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले असतात. या टप्प्यावर काहींना घोट घेतला की मळमळतं, काहींच्या पोटऱ्यांत गोळे येतात, तर काहींच्या अंगातलं बळ अचानक नाहीसं होतं. सायकलवाल्यांच्या बोलीत या शेवटच्या प्रकाराला ‘बाँक होणं’ म्हणतात. यातला बराच त्रास बाटलीत काय भरलंय आणि किती भरलंय यावरून ठरतो. ती बाटली घरच्या साखर-मिठावर उत्तम भरता येते, अट एवढीच की ते मोजून घ्यायचं.

मीठ आणि साखर एकत्र का, हे आधी समजून घेऊ. लहान आतड्याच्या आवरणात एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोज आत घेतं, पण मिठातलं सोडियम सोबत असेल तरच. ही जोडी आत गेली की पाणीही मागोमाग शोषलं जातं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने 1960 मध्ये प्रागमधल्या परिषदेत ही कल्पना मांडली. तिची खरी कसोटी लागली 1971 मध्ये, बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली होती आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोड्याचं पाणी रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजायला सुरुवात केली. पटकीत तीस टक्क्यांपर्यंत जाणारं मृत्यूचं प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली चार टक्क्यांच्याही खाली आलं. लाखो मुलांचे जीव वाचवणाऱ्या या माणसाला पद्मविभूषण मिळालं ते 2023 मध्ये, मरणोत्तर. इकडे अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाच्या डॉ. रॉबर्ट केड यांनी 1965 मध्ये उन्हात खेळून गळून जाणाऱ्या फुटबॉलपटूंसाठी साखर-मिठाचं लिंबू घातलेलं पाणी बनवलं. तेच पुढे गेटोरेड झालं.

मूळ एकच असलं तरी ओआरएस, म्हणजे जुलाबात पाजायचं ते पाणी, आणि सायकलवरचं पेय एक नव्हे, आणि इथेच पुष्कळांची गल्लत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या ओआरएसमध्ये लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. ते जुलाबाने सुकलेल्या शरीरासाठी आहे. त्यातली साखर केवळ पाणी आत ओढण्यापुरती असते, तिच्यावर घाट चढता येत नाही. सायकलवर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं लागतात आणि मीठ त्यामानाने कमी. म्हणून ओआरएसची पाकिटं बाटलीत रिकामी करून शंभर किलोमीटर निघालेला माणूस उपाशीपोटीच सायकल मारत असतो.

आता प्रमाण. एक लिटर पाण्याला साठ ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ आणि एका लिंबाचा रस. दीड ग्रॅम मिठातून सुमारे सहाशे मिलिग्रॅम सोडियम मिळतं. दोन-चार तासांच्या राइडसाठी बहुतेकांना हे पुरतं. साध्या साखरेबद्दल मनात किंतु ठेवू नये. ग्लुकोजचा वाहक तासाला साठेक ग्रॅमच्या पुढे ताणत नाही. फ्रुक्टोज मात्र आतड्यातल्या वेगळ्या वाटेने आत जातं. आपल्या साखरेच्या प्रत्येक रेणूत निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज, म्हणजे दोन्ही वाटा आपोआप वापरल्या जातात. तासाला ऐंशी-नव्वद ग्रॅम पचवणारे कसलेले सायकलपटू याच जोडीच्या जोरावर ते साधतात, मात्र त्यासाठी पोटाला आठवडेच्या आठवडे सवय लावावी लागते. जास्त प्रमाणात गोडाची शिसारी येत असेल तर अर्धी साखर काढून तेवढं माल्टोडेक्स्ट्रिन घालावं. ही मक्याच्या स्टार्चपासून बनवलेली पांढरी भुकटी जवळजवळ बेचव असते.

खरी पंचाईत मिठाची. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा एक-एक ग्रॅमने सरकतो, त्यावर दीड ग्रॅम धड मोजता येत नाही. चिमटीचा तर भरवसाच नाही, एकाची चिमूट दुसऱ्याच्या दुप्पट भरते. यावर सोपी युक्ती आहे. तीस ग्रॅम मीठ काट्यावर तोलून एका भांड्यात घ्यावं आणि उकळून गार केलेलं पाणी घालत एकूण द्रावण दोनशे मिलिलिटर करावं. ते बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावं. याच्या दहा मिलिलिटरमध्ये बरोबर दीड ग्रॅम मीठ येतं. मोजायला खोकल्याच्या औषधावरचं आकडे कोरलेलं टोपण उत्तम. आदल्या रात्री दमून घरी आलं तरी टोपणभर मिठाचं पाणी ओतायला चूक होत नाही. काटाच नसेल तर सपाट केलेला पाव चहाचा चमचा मीठ साधारण तेवढंच भरतं. सैंधव आणि काळं मीठ चवीला हवं तर घ्यावं, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. खायचा सोडा मात्र मिठाच्या जागी घालू नये, पोट फुगतं.

प्रमाण आपल्या अंगाला बसतंय का, ते घामावरून कळतं. राइडच्या आधी लघवीला जाऊन, कमीत कमी कपड्यांत वजन करावं. तासभर नेहमीच्या जोराने सायकल चालवून, अंग पुसून पुन्हा वजन करावं. 68.4 किलोचे 67.6 झाले आणि मध्ये अर्धा लिटर प्यायलं गेलं, तर घाम गेला तासाला 1.3 लिटर. हा आकडा माणसागणिक अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत बदलतो, आणि घामाचा खारटपणाही बदलतो. कपाळावर, हेल्मेटच्या पट्ट्यांवर मिठाची खपली धरणाऱ्याने लिटरला दोन-अडीच ग्रॅमपर्यंत मीठ वाढवून पाहावं.

गेलेला घाम थेंब न थेंब भरून काढायचा नसतो. दोन टक्क्यांपर्यंत वजन उतरलं तरी सहसा बिघडत नाही. उलट राइडनंतर वजन वाढलं असेल तर ती धोक्याची खूण आहे. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी तेरा टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीच्या खाली घसरलेलं आढळलं. त्याचं मुख्य कारण होतं गरजेपेक्षा जास्त पिणं. पेय मिठाचं असलं तरी अति प्यायल्यावर ते यातून वाचवत नाही. ‘तहान लागण्याआधीच भरपूर प्या’ हा सल्ला सायकलस्वारांच्या गटांमध्ये अजून फार जोरात दिला जातो. तो थांबायला हवा.

पोटऱ्यांत येणाऱ्या गोळ्यांचं सगळं खापरही मिठावर फोडू नये. लोणच्याच्या आंबट-खारट पाण्याने गोळा मिनिट-दीड मिनिटात सुटतो असं प्रयोगांत दिसलं आहे. एवढ्या वेळात मीठ रक्तात पोचतच नाही. तोंडातल्या-घशातल्या तीव्र चवीने मज्जातंतूंचा तो झटका मोडत असावा. थकलेला स्नायू हे गोळ्यांमागचं मोठं कारण आहे.

आपल्याकडच्या पेयांचं काय? कोकमाचं आगळ मला या कामाला फार आवडतं. ते खारट असतंच, त्यामुळे ते वापरलं तर वरचं मीठ कमी करावं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम थोडं, म्हणून चिमूटभर मीठ घालूनच प्यावं. गूळ साखरेइतकाच उपयोगी आहे, मात्र उन्हात लवकर आंबतो. मधात फ्रुक्टोज जास्त असल्याने काहींना गुडगुडतं. रसवंतीवरच्या उसाच्या रसात साखर बारा ते पंधरा टक्के, म्हणजे आपल्या पेयाच्या दुप्पट दाट. थांब्यावर लिंबू-मीठ घालून छोटा ग्लास घ्यावा आणि वर साधं पाणी प्यावं. ताक घरी परतल्यावर.

ऊन फार असेल तेव्हा मी साखर लिटरला चाळीस ग्रॅमवर आणते आणि उरलेली भूक केळी, राजगिऱ्याचा लाडू, खजूर यांवर भागवते. पोट तापलेलं असताना दाट पेय खाली उतरत नाही. सायकलवरच्या दोन बाटल्यांपैकी एकीत साधंच पाणी ठेवावं, ते डोक्यावर ओतायलाही कामी येतं. तासाभराच्या राइडला तर यातलं काहीच लागत नाही, पाणी पुरे. शिवाय दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणची-पापडांमुळे ती मर्यादा आपण एरवीच ओलांडतो. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी वरची प्रमाणं आपल्या डॉक्टरांना दाखवूनच वापरावीत.

आणि बाटली घरी आल्या आल्या धुवावी. साखरेचं पाणी बाटलीत तसंच राहिलं की तोटीच्या रबराखाली काळी बुरशी धरते, ती वरून दिसत नाही. रबर उचकटून काढावं, जुन्या टूथब्रशने साबणाच्या कोमट पाण्यात घासावं आणि झाकण उघडं ठेवून वाळवावं.