भोजकटाच्या पत्त्यावर

बडनेऱ्याहून भातकुली गाडीने पाऊण तासाच्या आत येते. अनेक अभ्यासक या भातकुलीलाच प्राचीन भोजकट मानतात. भोजकट हे एका गावाचेच नाव नव्हते, त्याच नावाचा एक प्रांत होता. तो भातकुलीभोवतीच पसरला असेल, तर आपले बडनेरेही त्यातच येते. पाचव्या शतकात वाकाटकांचा राजा दुसरा प्रवरसेन याने या प्रांतातल्या एका गावाविषयी पत्र धाडले. त्याचा मजकूर आजही पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचता येतो. आपल्या मातीच्या नावाने निघालेले दीड हजार वर्षांपूर्वीचे पत्र आपल्या हाताशी आहे, याचे मला अजूनही नवल वाटते.

हे पत्र म्हणजे अचलपूरजवळच्या चम्मक गावी शेत नांगरताना निघालेला ताम्रपट. तांब्याचे एकूण सात पत्रे. मधुनदीच्या काठचे चर्मांक नावाचे गाव, राजाच्या मापाने आठ हजार भूमी, हजार ब्राह्मणांना दान दिल्याचे त्यात लिहिले आहे. हजारांतली पन्नासेक नावे कोरलेली आहेत. चर्मांक म्हणजेच आजचे चम्मक.

इतिहासाच्या पुस्तकात याला दानपत्र म्हणून एका ओळीत उरकतात. मजकूर नीट वाचला की कळते, त्याची घडण सरळसरळ पत्राची आहे. आधी पाठवणारा कोण, हे वंशावळीसह येते. मग हे कोणासाठी, ते येते: अधिकारी, आज्ञा घेऊन फिरणारे राजपुरुष, शिपाई. मग ‘तुम्हांला विदित असावे की’ अशी सुरुवात होऊन मुद्दा येतो. सैनिकांनी गावात शिरू नये, गावाकडून दूध-फुले मागू नयेत, गाई-बैल नेऊ नयेत, कातडे-कोळसा घेऊ नये, वेठबिगार करवू नये. लगेच ब्राह्मणांनाही अटी घातल्या आहेत. राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी-व्यभिचार करायचा नाही, राजाला विष घालायचे नाही, लढाई करायची नाही, शेजारच्या गावांना त्रास द्यायचा नाही. हे मोडले तर जमीन काढून घेणाऱ्या राजाला चोरीचे पाप नाही. शेवटी वर्ष अठरावे, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, आणि तेव्हा सेनापती कोण होता त्याचे नाव. इतके नेमके, इतके सावध पत्र आजच्या कुठल्या कचेरीतूनही क्वचितच निघत असेल.

प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता तर याहून गोड लिहिते. ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. पती रुद्रसेन गेला तेव्हा मुले लहान होती, आणि राज्याचा कारभार तिने हाती घेतला. नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे नगरधन, इथून तिने काढलेला ताम्रपट पुण्यात एका तांबटाकडे मिळाला. त्यात ती गावच्या ब्राह्मणांना आणि कुणब्यांना आधी कुशल बोलते आणि मग आज्ञा करते. राणी गावकऱ्यांना हुकूम देते आहे, पण खुशालीचे दोन शब्द बोलल्याशिवाय तिला पुढे जाता येत नाही. आपल्या आजोबांच्या पत्रात ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष, इकडील सर्व कुशल, तिकडील कुशल कळवावे’ असे असायचे. ती रीत किती खोल रुजलेली आहे!

आता नजर पार भूमध्य समुद्राकडे न्या, कारण खरी गंमत तिथे आहे. ग्रीक पत्राची सुरुवात ठरलेली: अमक्याकडून तमक्याला, नमस्कार. शेवटही ठरलेला: तुझी प्रकृती उत्तम राहो. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस गावाच्या उकिरड्यात ग्रेनफेल आणि हंट या दोघांना 1897 पासून पपायरसचे ढीग सापडले, त्यात दुसऱ्या-तिसऱ्या शतकातले थिऑन नावाच्या पोराचे पत्र आहे. बाप त्याला मागे ठेवून अलेक्झांड्रियाला निघून गेला म्हणून पोरगा चिडला आहे. मला नेले नाहीस तर तुला पत्र लिहिणार नाही, तुझ्याशी बोलणार नाही, तुझे कुशलही चिंतणार नाही. मला बोलावून घेतले नाहीस तर खाणार नाही, पिणार नाही. इतके भांडून झाल्यावर शेवटच्या ओळीत तोच पोरगा बापाला उत्तम प्रकृतीची शुभेच्छा देतो. राग कितीही असो, पत्राची रीत हाताला सोडत नव्हती.

पुढे ही रीत शिकवणारी पुस्तके निघाली. अँटिओकचा वक्तृत्वाचा गुरू लिबानियस हा चौथ्या शतकातला. त्याची दीड हजारांवर पत्रे आज उपलब्ध आहेत. त्याच्या नावावर चालत आलेल्या एका पुस्तिकेत पत्रांचे 41 प्रकार दिले आहेत, प्रत्येकाचा नमुनाही आहे: आभाराचे, सांत्वनाचे, दटावणीचे, मैत्रीचे, प्रेमाचे. दहावीच्या पेपरात औपचारिक आणि अनौपचारिक पत्र लिहिणाऱ्या आपल्या मुलांना हे सांगायला हवे. ती ज्या परंपरेत बसली आहेत तिला दीड हजाराहून जास्त वर्षे झाली. आपल्याकडेही यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावाने ‘मेस्तक’ प्रसिद्ध आहेच, कोणाला कोणता मायना घालावा हे सांगणारे.

पत्र लिहिणे सोपे होते, पोचवणे कठीण. रोमन साम्राज्याची डाक होती, पण ती सरकारी कामापुरती. बाकीच्यांनी त्या दिशेने जाणारा माणूस शोधायचा. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने बेथलेहेममधल्या जेरोमला पत्र लिहिले. नेणारा निघणार तोच स्वतः बिशप झाला आणि गेलाच नाही. दुसऱ्या पत्राच्या नकला इटलीत फिरल्या. एक नक्कल अॅड्रियाटिक समुद्रातल्या एका बेटावर कोणाला तरी मिळाली आणि फिरत फिरत जेरोमपर्यंत आली. आपल्यावरची टीका आपल्या आधी सगळ्यांनी वाचली, याने तो दुखावला. शिवाय नकलेवर ऑगस्टीनची सही नव्हती, मग हे त्याचेच कशावरून? दोन विद्वानांची मने बरीच वर्षे कलुषित राहिली, आणि त्यात वाटेचा वाटा मोठा होता.

म्हणून खूण हवी. पपायरसवरच्या अनेक पत्रांत मजकूर लेखनिकाच्या वळणदार अक्षरात असतो आणि शेवटची शुभेच्छा दुसऱ्याच, खरखरीत हातात. ती मालकाने स्वतः लिहिलेली, तीच सही. वाकाटकांची रीत वेगळी. त्यांच्या ताम्रपटांच्या आरंभी ‘दृष्टम्’ असे कोरलेले दिसते, म्हणजे मजकूर पाहिला, तपासला, आता जाऊ द्या. आणि ताम्रपट ओवलेल्या कडीवर मुद्रा. नगरधनच्या अलीकडच्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाचा मातीचा मुद्रांक मिळाला. ब्राह्मी अक्षरे, शंखाचे चिन्ह, वजन जेमतेम सहा-साडेसहा ग्रॅम. ओल्या मातीवर तिची मुद्रा दाबली गेली तेव्हा ती राज्य करत होती. मला तर हा चिमुकला गोळा तिच्या सगळ्या ताम्रपटांइतकाच मोलाचा वाटतो.

त्याच सुमारास अलेक्झांड्रियात हायपेशिया गणित आणि तत्त्वज्ञान शिकवत होती. तिचा शिष्य सिनेसियस पुढे बिशप झाला. त्याची 156 पत्रे आपल्याकडे आहेत आणि त्यांतली काही तिला लिहिलेली. मुले गेल्यानंतर खचलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या या माणसाने तिला पत्र सांगून लिहवून घेतले, आणि तिला आई, बहीण, गुरू अशा नात्यांनी हाक मारली. 415 साली जमावाने हायपेशियाला ठार केले. तिने सिनेसियसला काय उत्तर दिले, ते आपल्याला कधीच वाचता येणार नाही. तिच्या हातचे एकही पत्र उरलेले नाही.

प्रभावतीगुप्तेचे मात्र उरले. आमच्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तिचा आणखी एक ताम्रपट मिळाला. तो रामगिरीच्या स्वामीच्या पायाशी बसून दिला असे त्यात म्हटले आहे. मुलगा प्रवरसेन गादीवर येऊन एकोणीस वर्षे झाली होती, तरी आई स्वतःच्या नावाने लिहीत होती, आणि ओळख देताना माहेरचे गुप्त कुळ अभिमानाने सांगत होती. त्या काळची कोणतीही बाई इतक्या ठामपणे स्वतःच्या शब्दांत आपल्यापर्यंत पोचली असेल, तर ती फार थोड्यांपैकी एक आहे. वाकाटकांच्या दरबारातून भूर्जपत्रावर, ताडपत्रावर जे काही लिहून गेले असेल, ते सगळे वऱ्हाडच्या पावसाने आणि वाळवीने खाल्ले. इजिप्तचे वाळवंट कोरडे, म्हणून थिऑनचा रुसवा तिथे टिकला. इथे तांबे होते म्हणून राणी टिकली.

तांबे टिकते, पण भट्टीतही जाते. पुण्याचा ताम्रपट तांबटाच्या घरातच होता, आणि तो वितळला नाही हे आपले भाग्य. वासुदेव विष्णु मिराशी यांनी हे लेख जमवून ‘वाकाटक नृपती आणि त्यांचा काळ’ हा ग्रंथ 1957 साली मराठीत लिहिला. तो वाचनालयात मागा आणि चम्मक, रिद्धपूर यांचे लेख स्वतः वाचा. आणि तुमच्या शेतात, पडक्या वाड्यात, देवघराच्या पेटीत अक्षरे कोरलेला पत्रा निघाला, तर तो घासू नका, भंगारात घालू नका. पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या विद्यापीठातल्या इतिहास विभागाला कळवा.