६१७ अंकी संख्येच्या भरवशावर

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधील एखादा अभियंता संगणकावर बँकेचे संकेतस्थळ उघडतो, तेव्हा पलीकडे खरोखर ती बँकच आहे, याची ग्वाही कोण देते? अनेकदा ही ग्वाही एका ६१७ अंकी संयुक्त संख्येवर अवलंबून असते. ही संख्या गुप्त नसते. कोणालाही पाहता येते. गुप्त असतात ते तिचे दोन मूळ अवयव. ते ज्याच्या हाती लागतील, त्याला बँकेचे सोंग घेता येईल.

केवळ आकाराने मोठी असली म्हणून संयुक्त संख्या अवघड ठरत नाही. देवळालीचे शाळाशिक्षक आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांच्या ‘डेमलो’ संख्या पाहा. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील ज्या रेल्वे स्थानकावर ही कल्पना त्यांना सुचली, त्याचेच नाव त्यांनी या संख्यांना दिले. १२३४५६७८९८७६५४३२१ ही त्यांपैकीच एक. सतरा अंकी खरी, पण आपले गुपित ती चेहऱ्यावरच मिरवते: ती १११११११११ चा वर्ग आहे. या नऊ एकांचे अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७ असे पडतात. म्हणजे मूळ संख्येला नेमके ४५ विभाजक आहेत.

कुलपासाठी असा डौल उपयोगाचा नाही. तेथे सुमारे तीनशे अंकी दोन मूळ संख्या यदृच्छेने निवडून त्यांचा गुणाकार करतात. रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये सुचविलेली हीच ती ‘आरएसए’ पद्धत. गुणाकार क्षणार्धात होतो. उलट वाट मात्र कमालीची बिकट. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी आरएसए संख्येचे अवयव पाडण्यात यश आले, त्यासाठी झालेले गणन एकाच प्रोसेसर-गाभ्यावर केले असते तर सुमारे २,७०० वर्षे लागली असती. पुरेसा समर्थ क्वांटम संगणक हे काम सोपे करील, असे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखविले. तसा संगणक अद्याप कोणी बांधलेला नाही.

मग एवढ्या मोठ्या मूळ संख्या शोधतात तरी कशा? येथे एक गंमत आहे. एखादी संख्या संयुक्त आहे हे तिचा एकही अवयव न शोधता सिद्ध करता येते. ९१ घ्या. ती मूळ असती, तर फर्माच्या सिद्धांतानुसार २ च्या ९० व्या घाताला तिने भागल्यावर बाकी १ उरायला हवी होती. प्रत्यक्षात ६४ उरते. म्हणजे ९१ संयुक्त ठरली, आणि ७ व १३ यांचे नावही घ्यावे लागले नाही! मात्र २ ऐवजी ३ घेतल्यास बाकी १ च येते, म्हणून अशी चाचणी एकदाच करून भागत नाही.

खरा धोका बहुधा अवयव पाडणाऱ्यांकडून नव्हे, तर संख्या निवडणाऱ्यांच्या निष्काळजीपणातून येतो. ९१ आणि ११९ यांचा मसावि काढा. ११९ मधून ९१ वजा जाता २८, ९१ ला २८ ने भागता बाकी ७, आणि ७ ने २८ ला निःशेष भाग जातो. सामाईक अवयव ७ सापडला आणि दोन्ही कुलपे एकदम उघडली. युक्लिडची ही रीत ६१७ अंकी संख्यांनाही तितक्याच सहजपणे लागू पडते. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरील लक्षावधी किल्ल्या गोळा करून नेमके हेच केले, तेव्हा हजारो किल्ल्यांमध्ये सामाईक मूळ अवयव आढळले. त्यांपैकी बऱ्याचशा राउटरसारख्या उपकरणांच्या होत्या. चालू होताच, पुरेशी यादृच्छिक माहिती जमण्यापूर्वीच, त्यांनी आपापल्या मूळ संख्या निवडल्या होत्या, आणि दोन अनोळखी यंत्रांनी एकच संख्या उचलली होती.