राम आळीला एक पडवी हवी!

‘रत्नागिरीत नक्की काय पाहिजे?’ हा प्रश्न कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर टाकून बघा. पहिलं उत्तर ठरलेलं असतं, मॉल! दुसरं, भारी मल्टिप्लेक्स. तिसरं, ‘पुण्या-कोल्हापूरसारखं काहीतरी’. हे काहीतरी म्हणजे काय, असं विचारलं की मात्र सगळे एकमेकांकडे बघतात.

मग प्रश्न उलटा करूया. मॉलमध्ये जाऊन आपण करतो काय? खरेदी कधीतरी, तीही घरच्यांच्या पैशाने. एरवी आपण चालतो, बसतो, गप्पा मारतो, स्वच्छ टॉयलेट वापरतो, पावसात भिजत नाही आणि घरी येतो. म्हणजे आपल्याला हवी असते चालायला आणि बसायला जागा, जिथे ‘काय घेणार?’ असं कुणी विचारत नाही.

कोकणातल्या जुन्या घरांत ही सोय पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिला पडवी म्हणतात. धड आत नाही, धड बाहेर नाही. वाटसरू आला, टेकला, पाणी प्यायला, गेला. आपल्या बाजारपेठेला नेमकी हीच पडवी नाही.

दोन गाड्यांमधला वेळ

याचा त्रास सगळ्यात जास्त कुणाला होतो? पावस, जाकादेवी, कोतवडे, पालीहून एसटीने येणाऱ्या मुलामुलींना. लेक्चर सुटतं साडेबाराला आणि गावची गाडी असते दोनला. मधला दीड तास काढायचा कुठे? कॅफेत बसायचं तर काहीतरी मागवावं लागतं आणि रोज मागवणं परवडत नाही. मुलगे टपरीवर उभे राहतात, बाइकवर टेकतात. मुलींनी तसं उभं राहिलं की बघणाऱ्यांच्या नजरा बदलतात. त्यात स्वच्छ टॉयलेट मिळेल याची खात्री नाही, म्हणून सकाळपासून पाणीच कमी प्यायचं. ही सवय किती मैत्रिणींना लागलीय, एकदा विचारून बघा.

मध्यवर्ती बसस्थानकाची नवी इमारत बरीच वर्षं रखडून शेवटी २०२५ मध्ये सुरू झाली, हे चांगलंच झालं. माळनाक्याला २०२२ पासून तारांगण आहे. पण या मोठ्या कामांच्या मधे जी जागा उरते, ती आपल्या पायाखालची. तिचं उद्घाटन करायला कोणी येत नाही, म्हणून बहुतेक तिचं कामही होत नाही.

संध्याकाळी राम आळीतून गोखले नाक्यापर्यंत चालून बघा. एका बाजूला दुकानाच्या पायरीला चिकटून लावलेल्या टू-व्हीलर, दुसऱ्या बाजूला मागून हॉर्न. जुलैत तर छत्र्यांची नुसती मारामारी. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या शहरात पायी जाणाऱ्याच्या डोक्यावर सलग छप्पर नसावं, हे जरा अजबच आहे ना?

हा फक्त हौसेचा मामला नाही

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की, फुटपाथ वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक नियमांत फुटपाथवर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. व्हीलचेअर जाईल, दोन माणसं एकमेकांना धक्का न लावता जातील, एवढी. आपल्या आळ्या अरुंद आहेत, हे मान्य. म्हणूनच तिथे पर्याय उरतो तो काही तास अख्खा रस्ताच पायी चालणाऱ्यांना देण्याचा.

‘बाजारात गाडी नाही? मग धंदा बसेल!’ ही व्यापाऱ्यांची भीती खोटी नाही. म्हणून एकदम कायमचं काही नको. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिनाच्या निमित्ताने गजबजलेला लक्ष्मी रोड काही तास वाहनांना बंद ठेवला होता. आपणही महिन्यातली एक शनिवार संध्याकाळ निवडू शकतो. मालाचे टेम्पो सकाळी, आजी-आजोबांसाठी दोन्ही टोकांना रिक्षा. गल्ला कमी झाला की वाढला, हे दुकानदारांनीच मोजावं आणि मग ठरवावं.

आणि कृपा करून ‘आधी भाजीवाल्या मावशींना उठवा’ असं कोणी सुचवू नका. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यानुसार शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. त्या मावशी आहेत म्हणून बाजारात जाग आहे. पडवीत त्यांचीही जागा असायलाच हवी.

हे शहर चालणाऱ्यांचंच आहे

रत्नागिरीकरांना हे नवीन नाही. शिमग्यात भैरीबुवाची पालखी निघते, तेव्हा रस्ते कुणाचे असतात? माणसांचे! तेव्हा गाडी कुठे लावू, असं कोणी विचारत नाही. पालखीसाठी जमतं, तर महिन्यातल्या एका संध्याकाळी का जमू नये?

सगळ्यांना बसता येईल अशी जागा, हा प्रश्नही या शहराने पूर्वी फार गंभीरपणे घेतला होता. १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून इथे पतितपावन मंदिर उभं राहिलं, सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुलं. सावरकरांच्या पुढाकाराने १९३३ मध्ये सर्व जातींच्या लोकांनी एकत्र बसून खावं म्हणून उपाहारगृहही निघालं. कोण कुणाशेजारी बसतो, याला तेव्हा फार मोठा अर्थ होता. आज आपल्याला कोणी जात विचारून उठवत नाही, पण खिशात पैसे नसले की बसायला जागा मिळत नाही.

आपण काय करायचं?

रील टाकून ‘रत्नागिरी कधी सुधारणार’ म्हणणं सोपं आहे. त्यापेक्षा चार कामं करता येतील. एक, एनएसएसच्या ग्रुपने स्टँड ते गोखले नाका चालत जाऊन मोजमाप घ्यायचं. बसायच्या जागा किती, उघडी टॉयलेट किती, सावली कुठे, दिवे कुठे. दोन, ही यादी फोटोंसह नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना द्यायची आणि पोच घ्यायची. तीन, अर्थसंकल्प ठरण्याआधी आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकांना भेटायचं. चार, शहराचा विकास आराखडा जाहीर होतो तेव्हा हरकती-सूचना मागवतात, त्या लिहायच्या. त्यासाठी वकील लागत नाही, साधा अर्ज पुरतो.

आणि मागायचं काय? दहा बाक, सलग छप्पर, नळाचं पाणी, कुलूप नसलेलं स्वच्छ टॉयलेट आणि महिन्यातली एक संध्याकाळ बिनहॉर्नची. मॉलच्या मानाने हा खर्च किरकोळच.

आपल्यातले निम्मेअधिक जण उद्या मुंबई-पुण्याला जातील, हे सगळ्यांनाच माहितीय. नोकरी नाही म्हणून जावं लागणं, हे एका पडवीने थांबणार नाही. पण सुट्टीत परत आल्यावर ‘भेटूया कुठे?’ या प्रश्नाला एखाद्या दुकानाचं नाव सांगावं लागू नये. ‘राम आळीत ये’ एवढं म्हटलं की पुरायला हवं.