‘मूस’ : एक प्राणी, एक शब्द

इंग्रजीत ‘गूस’चे अनेकवचन ‘गीस’ होते, हे शिकलेला विद्यार्थी त्याच चालीवर ‘मूस’चे अनेकवचन ‘मीस’ करतो आणि त्याचे उत्तर चुकते. ‘मूस’चे अनेकवचन ‘मूस’च राहते. आपण हा अपवाद म्हणून पाठ करून घेतो. त्यामागील इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो.

प्रथम प्राण्याचा परिचय करून घेऊ. मूस हा हरणांच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी होय. तो भारतात आढळत नाही. अलास्का, कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग, स्कँडिनेव्हिया आणि रशिया येथील थंड अरण्ये हे त्याचे घर. खांद्यापाशी त्याची उंची सुमारे २ मीटरपर्यंत असते. अलास्कातील पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ६०० किलोंच्याही वर जाते. हाताच्या उघड्या पंजासारखी पसरट शिंगे केवळ नराला असतात. ती दर हिवाळ्यात गळून पडतात व वसंतात पुन्हा फुटू लागतात. लांब पायांमुळे तो खोल बर्फातूनही चालू शकतो. उन्हाळ्यात तो तळ्यात उतरून पाणवनस्पती खातो, कारण त्यांतून त्याला आवश्यक ते सोडियम मिळते. हिवाळ्यात पाने झडली की झाडांच्या डहाळ्या व साली यांवर तो गुजराण करतो.

त्याचे नाव याच सवयीवरून पडले, असे भाषाभ्यासक मानतात. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर अबेनाकी, नॅरगॅन्सेट आदी मूलनिवासी समाज राहत. त्यांच्या अल्गाँक्वियन भाषांत या प्राण्याचे नाव ‘सोलून काढणारा’ अशा अर्थाच्या क्रियापदाशी जोडलेले आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी आलेल्या इंग्रज वसाहतकारांनी तो शब्द उचलला.

वास्तविक इंग्रजीत या प्राण्यासाठी ‘एल्क’ हा जुना शब्द होता. परंतु ब्रिटनमधून हा प्राणी हजारो वर्षांपूर्वीच नाहीसा झाला होता. शब्द उरला, ओळख पुसली गेली. म्हणून वसाहतकारांनी ‘एल्क’ हे नाव वापिटी नावाच्या दुसऱ्याच मोठ्या हरणाला देऊन टाकले. आजही ‘एल्क’ म्हटले की युरोपात एक प्राणी समजला जातो आणि अमेरिकेत दुसरा.

आता अनेकवचनाचे कोडे सुटते. ‘गूस’ हा जर्मानिक कुळातला शब्द. प्राचीन काळी त्याच्या अनेकवचनी प्रत्ययातील स्वरामुळे मूळ स्वर बदलला. पुढे प्रत्यय गळाला, बदल तेवढा राहिला. ही प्रक्रिया संपून सुमारे हजार वर्षे लोटल्यावर ‘मूस’ इंग्रजीत आला. त्याला तो नियम लागू होण्याचे कारणच नव्हते.

शब्द असा कोशात सुखरूप राहिला. शब्द देणाऱ्यांच्या वाट्याला मात्र ते सुख आले नाही. युद्धे, रोगराई आणि भूमिहरण यांनी ते समाज खचले. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा निघाली. तेथे मुलांचे केस कापले गेले, नावे बदलली गेली, मातृभाषा बोलण्यास बंदी झाली. निवासी शाळेच्या स्मरणिकेत ही नोंद असणे मला आवश्यक वाटते. घरापासून दूर आलेले मूल सर्वस्वी शाळेच्या हाती असते. शाळा त्याला नवी भाषा देऊ शकते, तशी जुनी हिरावूनही घेऊ शकते.

तरीही सारे संपले नाही. मॅसॅच्युसेट्समधील वांपानोआग समाजाची भाषा शतकाहून अधिक काळ कोणी बोलत नव्हते. १९९३ मध्ये जेसी लिटल डो बेअर्ड यांनी तिच्या पुनरुज्जीवनाचे कार्य आरंभले. १६६३ मध्ये त्या भाषेत छापलेले बायबल व समाजाचे जुने दस्तऐवज यांच्या आधारे ती पुन्हा शिकवली जाऊ लागली. लिहून ठेवलेले होते, म्हणूनच परत मिळवता आले.

आपल्या शाळेत येणारी मुलेही आजीचे, शेताचे, गावच्या बोलीचे शब्द सोबत आणतात. प्रमाण मराठी आणि इंग्रजी त्यांनी उत्तम शिकलीच पाहिजे. त्यासाठी घरचे शब्द अशुद्ध ठरवण्याची गरज नाही. माजी विद्यार्थी व पालकांना विनंती, की आपल्या घरातील जुन्या माणसांचे असे शब्द, त्यांच्या अर्थांसह आणि गावाच्या नावासह, एका वहीत उतरवून ठेवावेत.